पोपटी ताग्यातला माणूस

माझ्या दुकानातून आजवर एकही सळई हरवलेली नाही! कळंबोलीच्या लोखंड बाजारात असं छातीवर हात ठेवून सांगणारा दुसरा व्यापारी आणून दाखवा, मी त्याला चहा पाजतो. तिथे एकाच ट्रकवर चार दुकानांचा माल चढतो आणि सळया तर सगळ्या सारख्याच, काळ्या आणि आडमुठ्या. पण मी माझ्या प्रत्येक सळईच्या टोकाला रंग फासून ठेवतो. मग माल कुठेही मिसळू दे. टोक बघायचं आणि ओढून काढायचं, "हा कमळाकर घरतचा माल!"

ह्याला मी व्यवस्था म्हणतो. माझी बायको मनिषा ह्याला घाबरटपणा म्हणते. हैदराबादची सहल मी रद्द केली, कारण तिथे कुणाला तरी डेंग्यू झाल्याचं वाचलं होतं. कोलकात्याची रद्द केली, कारण हावडा पुलाचा फोटो बघितला आणि त्यातली माणसं बघूनच माझा श्वास अडकला. घराजवळच्या कर्नाळ्याला तेवढं आम्ही जाऊन आलो. तिथे सगळे पक्षी बघत होते आणि मी आमची पोरं मोजत होतो. दोनच आहेत, पण मोजावी लागतात हो!

तर ह्या मे महिन्यात आमची अंकिता माझ्यासमोर येऊन बसली. बारावी झाली होती आणि पुढे दिल्लीत शिकायचं तिने मनात पक्कं केलं होतं.

"पप्पा, हो की नाही ते एकदाचं सांगा."

"दिल्ली फार मोठी आहे गं."

"तुम्ही बघितलीय का?"

"बघायला कशाला पाहिजे? मोठी आहे हे सगळ्यांना माहितीये!"

मनिषाने लसूण सोलता सोलता निकाल दिला. "अहो, मग चला ना बघायला. चौघं जाऊ."

झालं! माझ्याच तोंडून अट निघून गेली. "ठीक आहे. चौघं जायचं, चौघं परत यायचं. एक जण जरी हरवला, तरी दिल्लीचं नाव ह्या घरात काढायचं नाही. कोणी नाही हरवलं, तर अंकिताने खुशाल शिकायला जावं."

"डन!" असं म्हणून तिने माझा हात हातात घेतला. तिची बोटं गार पडली होती. पोरीचा किती जीव अडकलाय ह्यात, ते मला तेव्हा कळलं आणि मी आणखीनच घाबरलो.

आता दिल्लीच्या गर्दीत माणूस हरवू नये म्हणून काय करायचं? अर्थात, टोकाला रंग! आमच्या आगरी लोकांत हळदीला आख्खं घर एका ताग्यातले कपडे शिवतं. आजीपासून पाळण्यातल्या पोरापर्यंत एकच रंग. मांडवात कोण घरचं आणि कोण पाहुणा, हे लांबून समजतं. म्हटलं, हळदीला चालतं तर लाल किल्ल्याला का नाही चालणार?

मी हरेशच्या कापडाच्या दुकानात गेलो. त्याने एक तागा उलगडला आणि दुकानात कोणीतरी लाईट लावल्यासारखं झालं. पोपटी! तोही साधासुधा नाही, पोपटाने बघितला तर मान खाली घालेल असा पोपटी.

"ह्यातलं दुसऱ्या कोणी नेलंय का?" मी विचारलं.

"आईशप्पथ शेठ, ह्या रंगाचा एकच तागा आलाय. आख्ख्या पनवेलमध्ये दुसरा दाखवा, दुकान तुमच्या नावावर करतो!"

हे वाक्य तुम्ही लक्षात ठेवा. मी तर मरेपर्यंत विसरणार नाही.

मला आणि अथर्वला शर्ट, मनिषाला ड्रेस, अंकिताला कुर्ता. अथर्व आमचा धाकटा, नववीतला. शर्ट बघून तो म्हणाला, "पप्पा, मी हरवलो तर चालेल, पण हा नको." अंकिता मात्र एक अक्षर बोलली नाही. तिने कुर्ता घातला, आरशात बघितलं, डोळे मिटले आणि पुन्हा उघडले. दिल्लीसाठी पोरगी काहीही घालायला तयार होती.

दुसरी व्यवस्था म्हणजे पट्टा. स्टेशनवर चोर असतात. म्हणून मी कमरेला बांधायचा कापडी पट्टा शिवून घेतला होता. शर्टाच्या आत, बनियनच्या आत आणि अर्धा पँटच्याही आत. त्यात तिकिटं, पैसे आणि चौघांचे फोन. "गाडीत बसलो की परत देतो," मी म्हटलं. फोन देताना अथर्वने असा चेहरा केला जणू मी त्याची किडनीच मागितली होती.

गाडी दिवेलागणीनंतरची होती. साहजिकच आम्ही दुपारी जेवून लगेच निघालो! आमच्या स्टँडवरचे नियाजभाई त्यांची इको घेऊन आले. आमच्याकडे त्यांनी एकदा बघितलं, दोनदा बघितलं.

"माशाल्ला! कोणाची हळद आहे, शेठ?"

"हळद नाही. दिल्लीला चाललोय."

"असे?" एवढंच म्हणून त्यांनी गाडी सुरू केली. सभ्य माणूस.

पनवेल स्टेशनच्या फलाटावर मी तिघांना बाकड्यावर बसवलं, बॅगा मधे ठेवल्या आणि गाडी किती नंबरला येणार ते बघून आलो. थोड्या वेळाने पुन्हा बघून आलो. मग पुन्हा. शेवटच्या वेळी परत आलो तर बाकडं रिकामं!

नंतर कळलं की उन्हाची तिरीप आली म्हणून मनिषा पोरांना घेऊन खांबापलीकडच्या पंख्याखाली जाऊन बसली होती. हाकेच्या अंतरावर! पण मला तेव्हा खांब दिसला नाही, पंखा दिसला नाही. मला दिसलं ते समोर, बाहेर जायच्या वाटेवर. पोपटी ड्रेसवाली बाई, पोपटी कुर्त्यातली मुलगी आणि मोबाईलमध्ये मान घालून चाललेला पोपटी शर्टातला मुलगा!

अथर्वचा फोन माझ्या पोटावर बांधलेला असताना हा मुलगा कुठला फोन बघतोय, असा प्रश्न एखाद्या शहाण्या माणसाला पडला असता. मी धावत सुटलो.

"अरे थांबा! कुठे चाललात?"

ते तिघं स्टेशनबाहेर उभ्या असलेल्या मिनीबसमध्ये चढले. मीही पायरीवर उडी मारून आत घुसलो आणि ओरडलो, "उतरा आधी! सगळे उतरा!"

आतलं दृश्य बघून मी दारातला दांडा घट्ट धरला. बस पोपटी होती. म्हणजे बस पांढरीच होती, पण आत बसलेला प्रत्येक माणूस पोपटी! आज्या पोपटी, जावई पोपटी, मांडीवरचं झोपलेलं बाळ पोपटी. हरेश, तुझं दुकान माझ्या नावावर कर रे बाबा!

"आरं, उतरतास कशाला? आता तर चढलास!" एका आजीने माझा दंड धरून मला शेजारी बसवलं. मागे स्पीकरवर हळदीचं गाणं सुरू झालं आणि बस निघालीसुद्धा.

"अहो, मला दिल्लीला..." मी ओरडलो.

"काय म्हनतात?" पुढच्या सीटवरचा मिशीवाला वळला. हा विनायक, नवऱ्या मुलाचा काका, रेल्वेने आलेल्या पाहुण्यांना न्यायला आला होता.

"दिल्ली! दिल्ली!"

विनायकचा चेहरा एकदम उजळला. त्याने गाणं बंद करायला लावलं. "आपल्या शिवाच्या कंपनीचं दिल्लीचं सायेब आलं! शिवा बोललाच व्हता, सायेब येनार म्हनून!"

बसमध्ये टाळ्या पडल्या. मी मान हलवत होतो, हात हलवत होतो. पण स्पीकर लगेच दुप्पट जोरात सुरू झाला होता. मागून एक बाई दुसरीला सांगत होती, "बगितलास? सायबानी आपल्याच ताग्यातला शर्ट शिवलाय. केवरा जीव लावतात आपल्या शिवावर!" त्या दुसरीने चक्क डोळ्याला पदर लावला.

तेवढ्यात माझ्या पोटात काहीतरी थरथरलं. मला वाटलं, भीतीने आतडं हललं. मग लक्षात आलं, फोन! पण काढू कसा? शर्ट वर करायचा, बनियन वर करायचं आणि पँटच्या आत हात घालायचा, तेही भरल्या बसमध्ये, आजीच्या शेजारी बसून! मी पोट दाबून तसाच बसलो. आजीने बघितलं आणि मायेने म्हणाली, "भूक लागली कं? पोचलोच आता." तिने मला पिशवीतला लाडू काढून दिला. मी तो खाल्ला. खोटं कशाला सांगू, चांगला होता.

नेऱ्याच्या अलीकडे एका गावात बस थांबली. मांडव एवढा मोठा की त्यात आमचं आख्खं लोखंड मार्केट मावलं असतं आणि मांडवभर माणसं, सगळी आमच्याच ताग्यातली. विनायकने माझा हात घट्ट धरला आणि मला थेट नवरदेवापुढे उभं केलं. तो शिवा पाटावर बसला होता. त्याला इतकी हळद लावली होती की डोळे उघडायची सोयच नव्हती.

"शिवा, तुजं सायेब आलं!"

शिवा मिटल्या डोळ्यांनी उठला आणि मला मिठी मारून रडायला लागला. "सायेब, तुमी आलात! मला वाटलंच नवतं!"

आता सांगा, मी काय करायला पाहिजे होतं? अशा मुलाला कसं सांगणार की बाबा, मी तुझा कोणी नाही! मी त्याच्या पाठीवर थोपटलं आणि म्हटलं, "सुखी राहा."

"मराठी पण किती सोच्च बोलतात!" मागून कोणीतरी म्हणालं.

मग बायकांनी मला हळद लावली. गालाला, कपाळाला, कानामागे. विनायकने डोक्यावर फेटा बांधला. मी ज्याला त्याला विनवत होतो, "मला जाऊ द्या, मला दिल्लीला जायचंय!" आणि जो तो म्हणत होता, "जाल हो, दिल्ली कुठं पळत नाय. जेवून जा!" पोट पुन्हा पुन्हा थरथरत होतं. मी बाथरूम विचारलं तर दोन पोरं मानाने सोबत आली आणि तिथे ही लांब रांग! माझ्या डोळ्यांपुढे फलाटावरचे तिघं उभे राहिले. ना पैसे, ना फोन, ना तिकिटं. सगळं मीच बांधून घेऊन आलो होतो. गाडी येईल आणि निघून जाईल. आणि अंकिता? तिने तर मुकाट्याने तो कुर्ता घातला होता. तिचं सगळं माझ्यापायी बुडणार, असं मनात आलं आणि खरं सांगतो, हळद लावलेल्या गालांवरून पाणी आलं.

"किती मायाळू सायेब," आजी म्हणाली.

आणि एकदम गाणं थांबलं. स्पीकरमधून आवाज आला. "हॅलो. हॅलो. नमस्कार. माझे पप्पा हरवलेत."

मी ताडकन वळलो. डीजेच्या टेबलाजवळ माईक घेऊन अंकिता उभी होती!

"त्यांचं नाव कमळाकर घरत. रंग सावळा, थोडं पोट आहे. अंगात पोपटी शर्ट..."

मांडवातल्या सगळ्यांनी आपापल्या शर्टाकडे बघितलं.

अंकितानेही मांडवभर नजर फिरवली. मग म्हणाली, "शर्टाचं सोडा. जे कोणी नाचत नसेल, घाबरलेलं असेल आणि काहीतरी मोजत असेल, ते माझे पप्पा."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी तेव्हा बाथरूमच्या रांगेतली माणसं मोजत होतो.

पोरगी धावत आली आणि माझ्या गळ्यात पडली. पाठोपाठ नियाजभाई हसत हसत आले. हे सगळं कसं जमलं ते त्यांनीच सांगितलं. मी परत येत नाही म्हटल्यावर अंकिता आई आणि अथर्वला बॅगांजवळ बसवून बाहेर आली. नियाजभाई तिथेच चहा पीत होते. त्यांनी मला बसमध्ये चढताना बघितलं होतं. "मला वाटलं, शेठ आमच्याशी मजाक करून गेले आणि हळदीलाच चाललेत!" ते म्हणाले. अंकिताने त्यांच्या फोनवरून मला फोन करून बघितले. मग तिने डोकं चालवलं. आमचा डबा हरेशच्या दुकानाच्या पिशवीत होता आणि पिशवीवर दुकानाचा नंबर. तिने थेट हरेशलाच धरलं, "काका, खरं सांगा, तो पोपटी कोणाकोणाला विकलात?" बिचाऱ्याने गावासकट नाव सांगून टाकलं.

म्हणजे बघा, माल कुठेही मिसळला तरी रंगावरून सापडतो. माझी पद्धत चुकली नव्हती! पण ही गोष्ट त्या वेळी बोलायची नव्हती एवढं मलाही कळलं.

विनायक पुढे आला. "म्हंजे तुमी दिल्लीचं सायेब नाय?"

"नाही हो. मी कळंबोलीचा सळईवाला."

 मला वाटलं, आता फेटा काढून घेतात. विनायकने माझ्याकडे बघितलं, शिवाकडे बघितलं आणि असा हसला की मिशी थरथरली. "मंग तर घरचाच मानूस निघालास की, दादूस! सायबाला येकवेळ सोरला असता. तुला जेवल्याबिगर नाय सोरनार!"

"गाडी चुकेल हो!" अंकिता हात जोडून म्हणाली. तेव्हा कुठे मांडव हलला. आजीने आरोळी दिली आणि बघता बघता मटणाचा डबा आणि फडक्यात बांधलेल्या तांदळाच्या भाकऱ्या आमच्या हातात आल्या. शिवाने एक डोळा कसाबसा उघडला आणि म्हणाला, "काका, लग्नाला उद्या नाय जमनार तुमाला. पन आलात ते बरं वाटलं." ज्याचे साहेब आलेच नाहीत तो मुलगा मला हे म्हणत होता. मी फेटा सरळ केला आणि त्याला पुन्हा एकदा, ह्या वेळी मनापासून, मिठी मारली.

इकोमध्ये आम्ही मागे बसलो. नियाजभाई "इन्शाल्ला पोचतो" म्हणत गाडी पळवत होते. अंकिता माझ्या कानामागची हळद ओढणीने पुसत होती.

"खूप घाबरले होते मी, पप्पा," ती म्हणाली.

"मग आलीस कशी?"

"घाबरत घाबरत आले."

 घाबरत घाबरत कुठे जाताही येतं, हे मला एवढ्या वर्षांत सुचलं नव्हतं. हातात फोन नाही, पैसे नाहीत आणि पोरीने सरळ चार लोकांना विचारून बाप शोधून काढला. मला तिचा इतका अभिमान वाटला की मी खिडकीबाहेर बघायला लागलो. देवा, नियाजभाईंना चहा प्यायची बुद्धी दिलीस, आजीला लाडू द्यायची दिलीस, तुझे किती आभार मानू!

गाडी फलाटाला लागत असतानाच आम्ही पोचलो. मनिषाने माझा पिवळा चेहरा बघितला, फेटा बघितला, डबा बघितला. "आम्ही इथे रडतोय आणि तुम्ही जेवणाला जाऊन आलात?" असं म्हणून ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून खरंच रडली.

आम्ही डब्यात चढलो, जागेवर बसलो आणि मी पट्ट्यातून फोन काढून एकेकाला दिले. तेवढ्यात अथर्वने तोंड उघडलं.

"पण पप्पा, अट होती ना? एक जण जरी हरवला तर ताईचं दिल्ली कॅन्सल. तुम्ही तर हरवलात!"

अंकिताचा हात भाकरीच्या फडक्यावर होता तिथेच थांबला. मनिषा माझ्याकडे बघत राहिली.

"अट दिल्लीत हरवण्याची होती," मी घसा खाकरून म्हणालो. "हे पनवेल होतं. पनवेलचं धरायचं नाही."

"म्हणजे?" अंकिताने हळूच विचारलं.

"म्हणजे तू जा. तुझी मला आता तेवढी काळजी नाही. थोडी आहे. बरीच आहे. पण तू जा."

ती हसली आणि लगेच रडली. मग पर्समधून नेलपॉलिशची बाटली काढून तिने माझा उजवा हात ओढून घेतला आणि अंगठ्याचं नख भडक लाल रंगवून टाकलं.

"हे काय गं?"

"टोकाला रंग," ती म्हणाली. "दिल्लीत कुठे मिसळलात तर ओढून काढायला. हा आमचा माल!"

तसा रंगलेला अंगठा घेऊन मी लाल किल्ला बघितला, चांदणी चौक बघितला आणि चौघं गेलो तसे चौघं परत आलो. आता कळंबोलीत हमाल विचारतात, "शेठ, हे नखाला काय?" मी सांगतो, लोखंडाचा रंग लागलाय, जातच नाही. मनिषाच्या कपाटात नेलपॉलिश काढायची बाटली आहे. कुठल्या खणात आहे, तेही मला माहीत आहे.